मुहूर्त कुणाच्या घड्याळाचा?

ताइनानच्या नगरदेवाच्या देवळात सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि पेइ-चेन स्वतःवर भलतीच खूश होती. भाविकांना मुहूर्ताच्या ठोक्याला ई-मेल पाठवणारं सॉफ्टवेअर तिने लिहिलं होतं, आणि आजचे सगळे मेल बरोबर दहाला सुटले होते. तेवढ्यात व्हँकुव्हरहून आत्याचा फोन आला.

"अगं दिवटे, माझ्या दुकानाचा मुहूर्त नऊ तारखेचा ना? इथे अजून आठच आहे! संध्याकाळचे सात वाजलेत!"

"मग उघडलंस कशाला?"

"'मुहूर्त आला, आत्ता दार उघडा' असं देवाचं पत्र आलं. देवाला काय घड्याळ दाखवत बसू? फटाके लावले, दारावरचं कापडी छत पेटलं. बंब आलाय, ठेवते!"

पेइ-चेनने घाईघाईने पंचांग उघडलं. आठ तारखेपुढे 'सर्व कार्यांस वर्ज्य' असं छापलेलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हॉटेलात भांडी घासून आत्याने हे नूडल्सचं दुकान काढलं होतं. ते बुडालं तर खापर जन्मभर पेइ-चेनच्या डोक्यावर फुटणार, आणि चूक होतीही तिचीच. परदेशातले भाविक यादीत घेताना तिने सगळ्या जगाच्या मनगटावर ताइनानचं घड्याळ बांधलं होतं.

तिने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. आता ज्याच्या गावात दहा वाजतील, त्याला तेव्हा मेल. देवळाचे विश्वस्त ख्वेइ-शान काका मागून बघत होते. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"व्हँकुव्हरात नऊ तारखेचे सकाळचे दहा, तेव्हा आपल्याकडे किती गं?"

"दहा तारीख. रात्रीचा एक."

"देऊळ मी रात्री नऊला बंद करतो. आशीर्वाद कोण देणार, रखवालदार?"

"काका, मुहूर्त माणसाच्या गावच्या सूर्यावर असतो!"

"देव कुठे बसलाय? इथे ना? मग घड्याळही इथलंच!"

तासभर दोघांनी घसा कोरडा केला. शेवटी देवालाच कौल लावायचं ठरलं. पेइ-चेनने चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे हातात घेतले. "देवा, त्यांच्या गावची वेळ धरू?" तुकडे पडले, दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला: ना होकार, ना नकार. काकांनी विचारलं, "मग आपलीच धरू?" देव पुन्हा हसला. पेइ-चेन रडवेली झाली. "निदान आत्याचं दुकान तरी चालेल ना?" देव तिसऱ्यांदा हसला.

"याला हसायला काय झालंय?"

"हळू बोल," काका कुजबुजले, "ऐकतोय तो."

फोन वाजला. तिने भीतभीतच उचलला. "आत्या, किती जळलं?"

"छत गेलं. पण आग विझवून बंबवाल्यांना कडकडून भूक लागली. बाराजण जेवले, फोटो टाकले, आता कोपऱ्यापर्यंत रांग आहे! तू काही दुरुस्त तर नाही ना केलंस?"

"केलं की, लगेच!"

"मग आधी होतं तसं कर! पुढच्या महिन्यात सुनेचं दुकान उघडायचंय. तिलाही असाच चुकीच्या वेळी मेल पाहिजे."

पेइ-चेनने निमूटपणे नोंदणीच्या पानावर तीन पर्याय टाकले: देवाची वेळ, तुमच्या गावची वेळ, आत्याची वेळ. पहिली आणि तिसरी दोन्ही ताइनानचीच आहेत, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. काकांनी मोठ्या भक्तिभावाने तिसरीसाठी कौल लावला.

देव चौथ्यांदा हसला.