शकूकाकूंचा रिमोट बिघडत नाही

शकूकाकूंकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्या व्हिडिओ गेमचा रिमोट फरशीवर आपटतात. धाड्! पाहुणा दचकतो. काकू रिमोट उचलतात, टीव्हीवर जुना गेम लावून चार बटणं दाबून दाखवतात आणि विचारतात, "झालं काई? माह्यं पोट्टं शाळेत होतं तेव्हाचा हाय. आता त्याचे केस पिकून राहिले."

मी आठवी सोडून सांगलीकडून इथं आलो, इतवारीत कापडाच्या दुकानात लागलो. काकूंकडे खोली बघायला गेलो तेव्हा माझंही असंच स्वागत झालं. मला वाटलं, बाई चिडल्या, खोली गेली. मी चपला घालायला लागलो.

"काहून गा, भेला? बस. जेवला का?"

त्या दिवसापासून काकूंनी मला या घरात उपाशी झोपू दिलेलं नाही.

काकूंचं घराणं विणकरांचं. हातमाग कधीच बंद पडला, पण काकूंच्या हातातून गेला नाही. रिमोटची वायर जुनी व्हायला लागली तेव्हा त्यांनी तिला चक्क पिठाची खळ लावली. "मागावरच्या ताण्याले खळ नाई लावली तर सूत तुटते. मंग वायर काहून नाई तुटणार?" खळीच्या वासाने उंदीर आले आणि वायर कुरतडून गेले. दुसरं कोणी असतं तर रिमोट भंगारात टाकला असता. काकूंनी आतल्या बारीक तारा सूत सांधतात तशा पीळ देऊन सांधल्या. चालू! "उंदरं मेले असतील," त्या छाती फुगवून सांगतात, "रिमोट नाई मेला."

रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आमची कुस्तीच्या गेमची कॅसेट लागते. काकूंचा लाल चड्डीवाला पैलवान मला उचलून आपटतो. वर टोमणा असतोच: "सांगलीचा म्हणतो अन् कुस्ती येत नाई?"

दिवाळीत काकूंचा मुलगा निलेश बंगळुरूहून आला. तिथं त्यानं फ्लॅट घेतलाय.

"चल आई आता. इथं एकटी काय करतेस?"

"एकटी कुठं? हा हाय ना, रोज हारते."

निलेश ऐकेना. शेवटी काकू म्हणाल्या, "कुस्तीत हरव मले. हारली तर पेटी भरते."

काकू गेल्या की घराला कुलूप. खोली दुसरीकडे मिळेलही, पण 'जेवला का' कोण विचारणार?

काकूंनी दुसरा, धड रिमोट मुलाला दिला, सांधलेला स्वतः घेतला. पहिली कुस्ती त्यांनी मारली, दुसरी निलेशनं. तिसरीत लाल चड्डीवाला उताणा पडला. निलेशनं एकदा बटण दाबलं की खेळ खलास! त्यानं आईकडे पाहिलं. त्या ओठ दाबून, अख्ख्या अंगाचा जोर अंगठ्यात आणून बटण ठोकत होत्या. पडद्यावरून नजर हलत नव्हती. निलेशचा अंगठा थांबला. लाल चड्डीवाला उठला आणि त्यानं निलेशच्या पैलवानाला चीत केलं.

"बटण अडकलं, आई," निलेश म्हणाला. "रिमोट बिघडला तुझा."

मी काकूंकडे पाहिलं. टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या एकानं काकूंच्या सांधलेल्या रिमोटला भंगार म्हटलं होतं, तर काकूंनी त्याला अर्ध्या चहावरून उठवलं होतं.

काकूंनी निलेशच्या हातातला रिमोट घेतला, पदरानं पुसला.

"असन बापा," त्या हळूच म्हणाल्या. "जुना झाला ना आता."

निलेश परत गेला त्या संध्याकाळी मी निलेशच्या रिमोटचं ते बटण दाबून पाहिलं. पहिल्याच दाबाला पैलवानानं हात उचलला.

काकू स्वयंपाकघरात भाकर थापत होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, "रिमोटले काई झालं नाई गा, मले मालूम हाय." भाकर थापणारा हात थांबला. "पण निलेशचा फोन आला तर सांगू नको."