काळ्या झेंड्यांचं धरणं

इरिंजालकुडाजवळच्या त्या गावात पौलोसइतकं राजकारण कुणालाच कळत नव्हतं, आणि हे मत खुद्द पौलोसचं होतं. रोज तीन वर्तमानपत्रं आणि संध्याकाळी टीव्हीवरच्या दोन चर्चा. दिल्लीत कोण कुणावर रुसलंय हे त्याला रुसणाऱ्याच्या बायकोआधी कळायचं. यंदा पंचायतीच्या निवडणुकीत वॉर्डाचं तिकीट आपल्यालाच, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

त्याची बायको एल्सी पेपरातलं फक्त निधनाचं पान वाचायची.

"अगं, देश कुठे चाललाय तेही बघ जरा."

"तो जाईल तिकडे जाऊ दे. अहो, पलीकडचे म्हातारे औतक्कुट्टी चेट्टन पहाटे वारले. मी पुढे होते, तुम्हीही या."

"हं," पौलोस अग्रलेखाच्या आडून म्हणाला.

नऊ वाजता तो घराबाहेर पडला, तर वळणावरच्या माडाला काळा झेंडा! पुढच्या विजेच्या खांबाला आणखी एक. दुसरा कुणीही असता तर मयताच्या घराची वाट ओळखून त्याने गुडघ्यावर खोचलेला मुंडू, म्हणजे लुंगी, मान राखायला खाली सोडला असता. पण चार दिवस पेपरात मंत्र्याला जागोजागी काळे झेंडे दाखवल्याच्या बातम्या होत्या. अखेर आपला वॉर्ड जागा झाला, म्हणून पौलोसला भरून आलं.

झेंड्यांमागोमाग तो अंगणात शिरला. वर निळी ताडपत्री, खाली पन्नास खुर्च्या, सगळे गप्प. शांततामय धरणं! पहिल्या रांगेत पक्षाचे सेक्रेटरी दिवाकरन मास्तर. अशी संधी पुन्हा कुठली? पौलोसने मूठ उंचावली.

"नळाला पाणी द्या, नाहीतर खुर्ची सोडा!"

पुढचे एक आजोबा गडबडून उठले आणि त्यांनी खरंच खुर्ची सोडली.

"घाबरू नका," पौलोसने त्यांना धीर दिला. "आज गप्प बसलो तर उद्या घराघरावर हीच पाळी येणार आहे."

दोन-तीन बायकांनी छातीवर क्रूस काढला. काळ्या कॉफीचा ट्रे घेऊन एल्सी आतून आली ती जागीच थिजली.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "चेट्टन आत पेटीत आहेत."

पौलोसचा मुंडू आपोआप खाली आला. आपण काय केलं हे कळून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दफन आटोपल्यावर मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं.

"तिकीट एल्सीला देतोय."

"मास्तर, तिला मुख्यमंत्र्यांचं खातं कुठलं तेही सांगता येणार नाही."

"कुणाच्या घरात काय चाललंय ते येतं ना? पंचायतीला तेवढं पुरतं."

एल्सीने एकच अट घातली, प्रचारात नवऱ्याने तोंड उघडायचं नाही. पंधरा दिवस पौलोस हात जोडून, ओठ मिटून तिच्यामागे दारोदार हिंडला. एल्सी निवडून आली. गावात मात्र अजून बोलतात, पौलोस उभा राहिला असता तर याहून जास्त मतं पडली असती, इतका शांत माणूस राजकारणात सापडतो कुठे.