समुद्रापर्यंत पायऱ्या किती?

गवार घ्यायची असली तरी पगारे भाऊसाहेब तीन कोटेशनं घेत. भद्रकालीच्या भाजीबाजारात पहिल्या बाईला भाव विचारायचा, खिशातल्या चिठ्ठीवर टिपायचा, मग दुसरी, मग तिसरी, आणि पुन्हा पहिलीकडे. तोवर पहिलीची गवार संपलेली असे. "संपली तर संपली. पद्धत तर मोडली नाही!" असं म्हणत ते भोपळा घेऊन घरी येत.

आम्ही एकाच सरकारी कचेरीत. ते भांडार शाखेत हेडक्लार्क, मी बोरस्ते, टायपिस्ट. खिळ्यापासून पंपापर्यंत सगळी खरेदी त्यांच्या हाताखालून जायची आणि तीन कोटेशनांशिवाय कागद इंचभर पुढे सरकत नसे. बाकीचे लोक साडेपाचला नियम टेबलावर ठेवून घरी जात. हे तो सोबत नेत. त्यात आमचं घरही एकच. गंगापूर रोडला एका दुमजली घरात खाली मी भाड्यानं, वर ते. मध्ये एकोणीस पायऱ्या.

त्यांच्या पत्नी लीलावहिनी पूर्वी शाळेत शिकवायच्या. पुढे संधिवातानं गुडघे धरले, मग बोटं धरली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. वर्षातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून खाली उतरवावं लागे. मागून भाऊसाहेब, पुढून मी. वळणावर खुर्ची कलली की वहिनी डोळे गच्च मिटत आणि म्हणत, "भाऊजी, सावकाश हं. पाडलंत तर नव्या बायकोसाठी तीन कोटेशनं मागवावी लागतील यांना!" एरवी त्यांचं जग म्हणजे वरच्या दोन खोल्या. मूलबाळ नाही.

शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. कुठल्याशा टायरवाल्यानं भाऊसाहेबांना कॅलेंडर दिलं. मे महिन्याच्या पानावर निळाशार समुद्र, पांढरी वाळू, नारळाखाली एक रिकामी खुर्ची, आणि खाली बारीक अक्षरांत 'कॅरेबियन बेट'. वहिनींच्या पलंगासमोर ते टांगलेलं. महिना संपला तसे भाऊसाहेब पान उलटायला उठले, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. त्या खुर्चीत बसावंसं वाटतं." लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि बाईनं एवढ्या वर्षांत मागितलेली ही पहिली वस्तू.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली गेली. वर वळणदार अक्षरांत विषय: 'सौ. लीलाबाई यांना समुद्रकिनारी नेणेबाबत.'

कचेरीत हसून हसून पुरेवाट झाली. कोणी म्हणालं, वेस्ट इंडीज म्हणजे आपल्या बॅट्समनची डोकी फोडतात तेच ना? कोणी म्हणालं, भाऊसाहेब, अलिबाग काय वाईट आहे? त्यावर भाऊसाहेब चष्मा पुसत सांगत, "मागणी ज्या वस्तूची, पुरवठा त्याच वस्तूचा. पर्यायी माल आपण घेत नाही." मी एकदा धीर करून पैशांचं विचारलं. "तो विषय वेगळा," ते म्हणाले. "त्याची फाईल अजून उघडलेली नाही."

मुंबईच्या एका प्रवास कंपनीला पत्र टाकून त्यांनी तिकडच्या हॉटेलांचे पत्ते मिळवले आणि माझे रविवार कामाला लागले. दुपारी मी टाइपरायटर उचलून वर जायचो. वहिनी पलंगावरून चहा सांगत आणि भाऊसाहेब तो करत. आलं किसलं की वहिनी रागवत, ठेचायला हवं होतं म्हणून. मग भाऊसाहेब मराठीत मजकूर सांगत आणि मी माझ्या कचेरीच्या इंग्रजीत बडवत असे. खोलीपासून समुद्रापर्यंत पायऱ्या किती? प्रत्येक पायरी किती इंचांची? कठडा डावीकडे की उजवीकडे? वाळूत खुर्ची किती रुतते? संडास बैठा की खुर्चीचा? गरम पाणी खोलीत येतं की आणावं लागतं? प्रती तीन, सही, शिक्का नाही म्हणून हळहळ, आणि एअरमेलनं रवाना.

महिन्या-दीड महिन्यानं गुळगुळीत रंगीत पुस्तिका येत. त्यांत सगळं असे. नाचगाणं, रम, रात्रीची जेवणं, पोहण्याच्या पोशाखातल्या तरुणी. पायऱ्यांचा आकडा तेवढा नसे. त्या तरुणींवर भाऊसाहेब डिंकानं कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून मगच पुस्तिका वहिनींकडे देत आणि ते कचेरीत गेले की वहिनी नखानं त्या चिठ्ठ्या सोलत. "अहो भाऊजी, यांना वाटतं मी बघायची नाही. मला तर त्यांचे गुडघे बघायचेत. काय सुरेख गुडघे आहेत!" असं म्हणून हसत, आणि हसता हसता आपल्या गुडघ्यावर हात फिरवत.

भिंतीवर एक मोठा तुलनात्मक तक्ता लागला. आडव्या ओळीत हॉटेलं, उभ्या रकान्यांत पायऱ्या, कठडा, वाळू, संडास. बहुतेक चौकोनांत लाल पेन्सिलीनं 'माहिती अप्राप्त'. मग स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन. पाच वर्षं हे चाललं. मी चहा प्यायचो, टाइप करायचो आणि खाली येऊन बायकोला नक्कल करून दाखवायचो. सगळ्या आळीला मी ती नक्कल दाखवली आहे, खोटं कशाला बोलू?

माझी बायको सुमन वणीकडची. तिला हसू यायचं नाही. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या बाईला लय त्रास हाय. आपण वर जाऊ, त्यांना खाली येऊ द्या." मी म्हणालो, "येडी का काय तू? वर नळाला पाणी चढत नाही. बादल्या कोण वाहील?" ती भाकरी थापत राहिली आणि मीही तो विषय डोक्यातून काढून टाकला.

मग एका रविवारी टोबॅगो नावाच्या बेटावरून पत्र आलं. पुस्तिका नाही, नुसतं पत्र, शाईनं हातानं लिहिलेलं. कुठल्या तरी छोट्या खाणावळवजा हॉटेलच्या मालकीणबाईचं. भाऊसाहेबांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवून निळी घेतली. वहिनी उशीला टेकून बसल्या. मी वाचून मराठीत सांगू लागलो.

बाईनं लिहिलं होतं, उशीर झाला, माफ करा, पण तुमचे प्रश्न वाचून मी स्वतः चालून पायऱ्या मोजल्या. फाटकापासून वाळूपर्यंत चार. प्रत्येक सहा इंचांची. कठडा नव्हता, माझ्या नवऱ्यानं परवा बसवला. उजवीकडे बसवलाय, डावीकडे हवा तर कळवा. खुर्ची रुतते, पण खाली फळी टाकता येईल. भाऊसाहेब भराभर चौकोन भरत होते. पाच वर्षांत असा तक्ता भरताना मी पाहिला नव्हता.

"पुढं?" वहिनी म्हणाल्या.

पुढं लिहिलं होतं, "पाहुण्यांच्या सगळ्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. खाली फक्त आमची, माझी आणि नवऱ्याची. तुम्ही याल तेव्हा खालची तुम्ही घ्या, आम्ही वर जाऊ. आम्हाला चढता येतं."

मी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं, आणि तिसऱ्याशी थांबलो. "वाचा की भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मी कागद भाऊसाहेबांकडे दिला. इंग्रजी त्यांनाही वाचता येत होतं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि फाईलवर ठेवलं. मला लाज वाटली. सरळ सांगतो, आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. सातासमुद्रापलीकडची ती बाई, वहिनींना कधी न बघितलेली, आणि मी वर्षातून दोनदा खुर्चीचे पाय धरणारा!

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही मला कधी म्हणाला का नाहीत?"

ते उठले. फाईलच्या अगदी तळातून एक फुलस्केप कागद काढला. माझ्या नावे अर्ज. विषय: 'वरील व खालील जागेच्या अदलाबदलीबाबत.' तारीख तीन वर्षांपूर्वीची. खाली सही.

"मग दिला का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असता तर?" ते म्हणाले. "मग रविवारी इकडे यायची तुम्हाला चोरी झाली असती. आमच्याकडे दुसरं येतंय कोण?"

वहिनींना हा अर्ज ठाऊक नव्हता. त्यांनी तो हातात मागून घेतला. मी खाली आलो. सुमनला म्हणालो, बांधाबांध कर. तिनं एका शब्दानं 'मी म्हणाले होते' असं म्हटलं नाही, फक्त भांड्यांची फडताळं रिकामी करायला घेतली. घरमालकाची हरकत नव्हती. पुढच्या रविवारी कचेरीतली चार माणसं आली आणि दुपारपर्यंत अदलाबदल झाली. सगळ्यात शेवटी वहिनींची खुर्ची उतरली. त्या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. संध्याकाळी त्या भिंतीला धरून स्वतःच्या पायांनी अंगणात गेल्या, कुंपणाशी उभ्या राहिल्या, आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी बाईला हाक मारून तिनं पिशवीत काय भाजी घेतलीय ते विचारलं. दोघी पंधरा मिनिटं बोलल्या.

त्या वेस्ट इंडीजच्या बाईला उत्तर द्यायला हवं होतं. या खेपेला टाइपरायटर खाली न्यायचा होता. भाऊसाहेब सांगू लागले, मी टाइप करू लागलो. आपलं पत्र पोचलं. आपली माहिती सर्व बाबतींत समाधानकारक असून आपलं हॉटेल पसंत करण्यात येत आहे. तथापि प्रवास तूर्त शक्य दिसत नाही. आपल्या यजमानांनी कठडा काढू नये, तो कोणाच्या तरी कामी येईल. खालच्या मजल्याची सोय मात्र स्थानिक पातळीवर, शेजाऱ्यांच्या सौजन्यानं झाली आहे.

'शेजाऱ्यांच्या सौजन्यानं' एवढं मी गाळलं. सौजन्य! पाच वर्षांनी सुचलेलं! मुकाट्यानं कागद काढून सहीला दिला.

भाऊसाहेबांनी तो नेहमीसारखा ओळीवर बोट ठेवून वाचला. एका जागी बोट थांबलं. "बोरस्ते, दोन शब्द गळालेत," ते म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून त्यांनी ते आपल्या वळणदार अक्षरांत स्वतः लिहिले.