परब सरांचा एकच शब्द

आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टने वर जायचं असेल, तर आधी 'अवमूल्यन' शब्दाचा वाक्यात उपयोग करून दाखवावा लागतो. म्हणजे परब सर लिफ्टमध्ये असले तर. आणि ते असतातच.

सर शाळेत मराठी शिकवायचे. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण खोड काही जात नाही. बटणांना पाठ लावून उभे राहतात आणि म्हणतात, "हां, बोल. अवमूल्यन." माझ्या हातात दोन किलो कांदे, डोक्यात ऑफिस, आणि हे परीक्षा घेणार! एकदा वैतागून म्हटलं, माझ्या गुडघ्यांचं अवमूल्यन झालंय. "चूक." आपोआप होते ती घसरण, अवमूल्यन कुणीतरी करावं लागतं, असं सुनावून त्यांनी मला दहापैकी दोन दिले. वर वहीत लिहूनही ठेवलं.

मढहून पापलेट घेऊन येणाऱ्या मावशीला मात्र पहिल्याच झटक्यात दहा. सर भाव पाडायला लागले तशी ती टोपली उचलत म्हणाली, मास्तर, माझ्या पापलेटाचं अवमूल्यन करू नका. सर इतके खूश, की मागेल तो भाव देऊन मोकळे.

सात महिने एकच शब्द! मराठीतले बाकीचे संपले की काय, असं मी वॉचमनला विचारलंसुद्धा.

गेल्या रविवारी मी परब काकूंसाठी सोलकढी घेऊन गेले. सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून काकूंची वाचा गेलीय, हे बिल्डिंगला ठाऊक होतं. सर त्यांच्या पलंगाशी बसून वहीतली आमची वाक्यं वाचून दाखवत होते. मला बघून ओशाळले.

"झटका आला त्या सकाळी ही म्हणाली, रिटायर झाल्यावर नवऱ्याचं अवमूल्यन होतं. मी चूक म्हटलं आणि चहा प्यायलो. तेच तिचं शेवटचं वाक्य." मग म्हणाले, "बरोबर होतं गं. अवमूल्यन करणारी समोरच बसली होती."

डॉक्टरांनी सांगितलंय, काकूंशी सतत बोलत राहा. म्हणून त्यांच्या शेवटच्या वाक्यातला तोच शब्द. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, काकूंच्या हातच्या सोलकढीपुढे माझ्या सोलकढीचं आपोआप अवमूल्यन होतं.

पलंगावर ओठ हलले. आवाज जड, फाटका, पण नीट ऐकू आला.

"चूक."

सरांनी घाईघाईने वही उघडली. माझ्या नावापुढे भोपळा काढला. काकूंच्या नावापुढे दहापैकी दहा लिहिताना मात्र त्यांना पेन धरवेना, ते मीच लिहिलं.