इरण्णांचं माप

मुलांनो, तुमच्या घराला एक खोली वाढवायची आहे, म्हणून एक गृहस्थ टेप घेऊन येतात, विटा किती, सिमेंट किती ते काढतात आणि आईबाबा त्यांचंच ऐकतात, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मग विचारलंत, "आजी, असा माणूस कोल्हापुरात असतो का?" होता. मंगळवार पेठेत आपल्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मी सांगितलं नाही तर तुम्हाला त्याच्याबद्दल कोण सांगणार, म्हणून लिहायला बसले.

नाव इरण्णा. सीमेकडच्या गावचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही. या माणसाला कोणतीही वस्तू अखंड दिसायचीच नाही. इमारत पाहिली की त्यांच्या डोळ्यांपुढे तिच्या विटा, वाळू, खडी वेगवेगळी होऊन ढिगाने पडायची. एकदा आम्ही सगळे जोतिबाला गेलो होतो. सगळे हात जोडून उभे आणि हे शिखराकडे बघत पुटपुटताहेत. मला वाटलं, स्तोत्र असेल. जवळ जाऊन ऐकलं तर, "एवढा दगुड वर चढवायचा म्हंजे मजुरी निराळी धराय लागंल."

भिंत मोजताना दारं-खिडक्यांची जागा वजा करतात, कारण तिथे वीट नसते. हा धंद्यातला नियम इरण्णांनी साऱ्या जगाला लावला होता. भाचीसाठी स्थळ बघून आले, तेव्हा मी विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"बरा हाय की. मिशा वजा जाता जरा बारीक हाय."

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. स्नेहसंमेलनात एकदा इंग्रजीत भाषण केलं. त्यावर यांचा अभिप्राय, "झ्याक झालं, बाई. लेडीज अँड जंटलमन वजा जाता आटोपशीर व्हतं."

पण हा माणूस आतून जळायचा. कुणावर, तर आर्किटेक्टवर. नव्वद साल उलटल्यावर कोल्हापुरात जुनी घरं पाडून अपार्टमेंटं उठायला लागली होती. त्यातल्या कितीतरींचं इस्टिमेट इरण्णांच्या हातचं, पण दाराशी संगमरवरी पाटीवर नाव आर्किटेक्टचं. उद्घाटनाला फेटा आर्किटेक्टला, शाल कंत्राटदाराला. "आन् मला? मला च्या. त्योबी अर्धा." त्यांच्याबरोबर रस्त्याने चालायचं म्हणजे वेळ काढूनच निघावं लागे, कारण पाटी दिसली की ते थांबायचेच. "नाव बघा की, केवढं! त्येनं चार रेघा मारल्या. त्या रेघांत लोखंड किती, ह्ये काय पेन्सिलीनं सांगितलं व्हय?"

त्यांची बायको गंगाक्का. ठेंगणी, ठसठशीत आणि तोंडाची तिखट. ती जळायची इमारतींवर. "बाई, लोकांच्या नवऱ्यांस्नी बाया आवडत्यात. ह्येंना बिल्डिंगा. बाईसंगट भांडता तरी येतंय की!" तिला स्वतःचं घर हवं होतं. बाकी कशाचीच हौस नाही, दागिन्यांचीसुद्धा नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत ती जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. इरण्णा दर वर्षी स्वतःच्या घराचं इस्टिमेट करायला घ्यायचे आणि सिमेंटचा दर वाढला की फाडून टाकायचे. "साऱ्या कोल्हापूरची घरं मोजली, बायकोचं तेवढं ऱ्हायलं," हे ती आल्यागेल्याला ऐकवायची. तेवढं ऐकलं की इरण्णा टेप खिशात घालून कामावर निघायचे.

अशात आम्ही शहराबाहेर कळंब्याला घर बांधायला काढलं. पेढे घेऊन गेले, तर गंगाक्काने पेढा तोंडात टाकला, दार लोटलं आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. मला राग आला नाही. तिच्या जागी मी तर पेढासुद्धा खाल्ला नसता.

इरण्णांनी मात्र काम अंगावर घेतलं. मला शाळेच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या आणि तुमच्या आजोबांना वीट आणि दगड यांतला फरक जेमतेम कळे. "तुमी पावण्यासारखं या न् च्या पिऊन जावा," इरण्णा म्हणाले. "मी हाय की." आर्किटेक्टच्या नकाशात स्वयंपाकाच्या ओट्याची उंची लिहायची राहिली होती. ते सापडल्यावर इरण्णांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "बघा! फेटा बांधून घ्यायला कधी इसरत न्हाय!"

ओटा झाला, कडप्पा बसला, तेव्हा मी बघायला गेले. गंगाक्काही आली होती. रुसवा संपला होता, पण खोड काढायचा हक्क तिने राखून ठेवला होता. मी ओट्याशी उभी राहिले आणि कमरेतून वाकले. चांगला चार बोटं खाली होता. मी उंच. शाळेतल्या मुली माझ्यामागे मला मनोरा म्हणायच्या.

"अहो इरण्णा, हा ओटा कुणासाठी केलाय?"

इरण्णांनी टेप लावली. पुन्हा लावली. मग गवंड्यावर ओरडले, "ह्ये माप कुणी दिलं रं तुला?"

गवंडी थापी पुसत म्हणाला, "तुमीच की, अण्णा. टेप न लावता हात असा धरलासा, म्हणलासा हितं." आणि त्याने तळहात हवेत आडवा धरून दाखवला.

देवळाच्या शिखराचासुद्धा हिशेब मांडणाऱ्या माणसाने हे एकच माप टेपशिवाय दिलं होतं.

"सरा, बघू तरी," म्हणत गंगाक्काने मला बाजूला केलं आणि ती ओट्याशी उभी राहिली. तिचे हात दगडावर असे टेकले, जसे रोज तिथेच टेकत असावेत. तिने कणीक मळल्यासारखं करून पाहिलं. थांबली. मग नवऱ्याकडे वळून बघितलं. इरण्णा टेप गुंडाळत होते. ती कधीच गुंडाळून झाली होती.

"मी फोडून देतो, बाई. उद्याच. चूक माझी हाय."

"हात तर लावा फोडायला!" गंगाक्का कडाडली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "एवढी वर्सं मला वाटलं, ह्ये निस्तं भिंतीकडंच बघत्यात."

मला तेव्हा काय वाटलं, खरं सांगू? बरं नंतर वाटलं. आधी पोटात दुखलं. घर माझं, ओटा माझा आणि माप दुसरीचं. घरी आल्यावर मी तुमच्या आजोबांना विचारलं, "माझी उंची किती, सांगा बरं."

"चांगली आहे की," ते म्हणाले.

ओटा मी फोडू दिला नाही. इरण्णांचं घर काही झालं नाही. सिमेंटचा दर वाढत राहिला आणि एके वर्षी इरण्णाच गेले. दर वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी गंगाक्का पेठेतून बस धरून येते, पदर खोचते आणि पुरणाच्या पोळ्या करते. मी टेबलाशी बसून वेलदोडे सोलते, कारण ओट्याजवळ ती मला फिरकू देत नाही. मला उभं राहून पोळ्या करायच्या झाल्या तर आजही पाठ धरते.

ओटा अजून तेवढ्याच उंचीचा आहे आणि गंगाक्का अजून येते.