तीनशे हात वर

"शुक्रवारी या जेवणाच्या हॉलमध्ये माशी शिंकली तरी ऐकू येईल!" शाळेचा हॉल सांभाळणाऱ्या ताईंनी मुख्याध्यापिकाबाईंना छातीठोक सांगितलं.

सांगणं भागच होतं. शुक्रवारी गोंगाट थांबलेला दिसला नाही, तर हॉल बंद आणि मुलांचं जेवण वर्गात, असा हुकूम निघाला होता. हा हॉल ताईंच्या आईने वीस वर्षं सांभाळला होता. आई जाऊन चारच महिने झाले होते. तिने चष्म्यावरून नुसतं पाहिलं की तीनशे पोरं चिडीचूप! ताईंनी तसं पाहिलं, तर पोरांनी विचारलं, "ताई, मान अवघडली का?"

म्हणून ताईंनी पुस्तक धुंडाळून युक्ती काढली. मुलांना बजावलं, "हात वर दिसला की आपणही हात वर करायचा. पहिला हात खाली येईपर्यंत बोलायचं नाही, खायचं नाही!"

पहिला हात कुणाचा, एवढंच सांगायचं राहिलं.

शुक्रवारी सगळ्यांना सूप वाढून होतंय तोच, सगळ्यात आधी वाढलेल्या कोपऱ्यातल्या टेबलावर पहिलीतल्या चिमुरडीने हात वर केला. शेजारच्याने पाहिलं, केला. मग टेबलच्या टेबलं! ताई वळून बघतात तर हॉलभर हातांचं रान उगवलेलं. त्यांनीही केला. नियम म्हणजे नियम!

सूप गार होऊ लागलं. स्वयंपाकाच्या मावशी धावत आल्या. "अगं बाई! कुणी गेलं-बिलं की काय?"

तीनशे पोरांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मावशींनी घाबरून डावासकट हात वर केला. सूप कोपरापर्यंत ओघळलं.

इतक्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या. पाहतात तो काय, स्मशानशांतता! भारावून त्यांनीही हात वर केला. आता ताई बोलल्या असत्या तर हॉल गेलाच असता. खांदा भरून आला, पण ताई गप्प.

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. शेवटी ती चिमुरडीच रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, माझं जेवून झालंय. वाटी ठेवून येऊ?"

मुख्याध्यापिकाबाईंनी बाकीच्या भरल्या वाट्यांकडे पाहिलं.

"जेवा रे पोरांनो, अर्धा तास वाढवून दिला! ताई, हॉल चालू राहू दे. आणि सोमवारपासून थोडा गोंगाटही चालू द्या."

"मग मी काय करू, बाई?"

"तुम्ही? तुम्ही आधी तो हात खाली घ्या!"