तीन रवे आणि वर चुरा

आमच्या गल्लीतले शामतात्या स्वतःचं वजन किलोत सांगत नाहीत, रव्यांत सांगतात. रवा म्हणजे गुळाची तीस किलोची ढेप. तात्यांचा उभा जन्म मार्केट यार्डात गूळ तोलण्यात गेला. काम सुटलं तरी दर रविवारी ते रिक्षानं तिथल्या काट्यावर जाऊन बसतात आणि परत येताना माझ्या दारात हाळी देतात, "पावणं, तीन रवं आन वर चुरा!" मी मूळचा साताऱ्याचा. या गल्लीत माझे केस पांढरे झाले, पण तात्यांच्या लेखी मी अजून पावणाच.

हा माणूस बसल्या जागी झोपतो. न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या बाकावर, कुठंही. एकदा तर लग्नात मुठीत अक्षता धरून घोरत होते. हलवलं तर म्हणाले, "झोपलो न्हाय, डोळं मिटून ऐकत हुतो."

आणि जाग आली की भूक. सकाळी कटवडा, मग भडंग, मग कुणाच्याही घरचं काहीही. "आत्ताच जेवलोय की," असं म्हणतच ताटावर बसायचे.

गुडघे पार गेले होते. वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही आणि ऑपरेशनशिवाय चालणं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तात्यांनी भाकरी निम्मी केली, साखर सोडली. गूळ सोडला नाही; त्याला साखर म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. काटा काही हलेना. शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं.

"झोप लागते का?" बाईंनी विचारलं.

"लागती की. दुपारी."

"मी रात्रीचं विचारतेय."

तात्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले.

"झोप अपुरी पडली की भूक वाढते, पोट भरल्याचंही नीट कळत नाही. नुसती भाकरी कमी करून भागणार नाही, तात्या. आधी रात्रीची झोप."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "झोपा काढून बारीक व्हा, असं सांगितलेला कोल्हापुरातला पहिला माणूस तुम्हीच!"

तात्या हसले नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बसले.

"आमच्या हिला शेवटच्या दुखण्यात दिसभर अन्न नको व्हायचं," ते म्हणाले. "पहाटं भूक लागायची. पर एकटी खायाची न्हाय. म्हनायची, तुमी घास घ्या, मग मी घेतो. मग मी दूधभात कालवायचा. ती एक घास खायाची, मी चार. ती वाळत गेली आन मी फुगत गेलो. आता ती न्हाय, पर त्या येळंला जाग येतीच. उठतो, कालवतो. भात दोघांचाच हुतो. टाकवत न्हाय, पावणं."

मला फार वाईट वाटलं. काकी जाऊन वर्ष उलटलं होतं आणि शेजारी राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि घरी आणलं.

मग मात्र तात्यांनी बाईंचं ऐकलं. दुपारचं आडवं होणं बंद केलं, सांजचं लवकर जेवायला लागले, संध्याकाळी काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. हळूहळू पोट उतरलं, विजारीला नाडी जास्त आवळावी लागली. गल्लीत ज्याला त्याला कौतुक.

मग एका रविवारी हाळीच आली नाही. मी पाहायला गेलो, तर तात्या यार्डातून येऊन आपल्या कट्ट्यावर बसलेले.

"काय तात्या, वाढलं का?"

"न्हाय. तीन रव्यांच्या आत आलो."

"मग पेढे काढा की! ऑपरेशन होणार आता."

"व्हय, हुईल." ते हाताकडं बघत राहिले. "काल रातभर झोपलो, पावणं. उजाडल्यावरच जाग आली. भूक न्हाय का काय न्हाय."

"चांगलंच झालं की."

"चांगलंच झालं," तात्या म्हणाले. "पर ती उपाशी ऱ्हायली की ओ."